ताटाशेजारचा अंगठा

"तो पाय आधी तिकडं घ्या," बायको म्हणाली. तिचा घास हातातच राहिला होता.

नवरा दिवसभर पिकाला पाणी द्यायचा. रबरी बुटांत ओल, त्या ओलीत पाय शिजलेले. घरी आला की बूट काढून तसाच ताटावर बसायचा. आणि तो अंगठा म्हणजे शिसारीच! नख पिवळंजर्द, शिंगासारखं जाड, कडेनं भुगा सांडणारं, खाली कुबट वास. शेणामुतात हात घालताना तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं, पण या नखापुढं तिनं हात टेकले. रोज अर्धपोटी उठायची बिचारी.

"अगं, गाईच्या खुराचं औषध लावतोय की."

"मग गोठ्यातच जेवायला बसत जा."

शेवटी अंगठा ठणकायला लागला, बुटात जाईना, तेव्हा स्वारी दवाखान्यात गेली. खुराच्या औषधाचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला. बुरशी निघाली. मग रक्त तपासून त्यांनी गोळ्या दिल्या.

"नख सावकाश वाढतं, पुरतं यायला वर्षही लागेल. गोळ्या मधेच सोडू नका. पाय कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, तुमचं नेलकटर दुसऱ्या कुणाला देऊ नका."

हळूहळू मुळाकडून गुलाबी नख वर सरकलं. बायको पोटभर जेवायला लागली. पण गडी आता गावभर अंगठा मिरवत सुटला. एका दुपारी तिनं पहिला घास घेतला, तोच चौघं शेजारी आपापली नखं दाखवायला ओसरीवर येऊन बूट काढून बसले. वास थेट ताटापर्यंत आला.

"हे बघ," नवरा एकाचं नख निरखत म्हणाला, "असं जाड, भुसभुशीत झालं की संशय घ्यायचा. कधी मार लागूनही होतं म्हणे. म्हणून आधी तपासून घ्यायचं, आपल्या मनानं काही लावायचं नाही. अगं, जरा येऊन बघ तरी."

एक अंगठा निस्तरला तर चार दारात. ती उठून उंबऱ्यात उभी राहिली.

"पाय घ्या आणि बांधावर जाऊन बसा. माझं जेवण होईपर्यंत कुणी इकडं फिरकायचं नाही. तुम्हीसुद्धा."

पाचही जण बूट हातात घेऊन चालते झाले. तिनं दाराला कडी घातली, आणि ताट संपवून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.