उतरायच्या आधीची गोळी

दादाचा फोन आला तेव्हा मी कामावर निघायला बूट चढवत होते.

"आई उतरली का गं?"

"कुठली उतरतेय? अजून निम्म्यावरसुद्धा आली नाही."

"असं कसं? दहाला विमान सुटलं, चारला पोचतं. सहा तास झाले की. चार वाजले."

आमचं घराणंच बसवाल्यांचं. बाबा डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचे, दादा बस चालवतो. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की प्रवास निघतो, हे आम्हाला शाळेआधीपासून येतं. आईचं तिकीटही त्याने तसंच वाचलं. ते चार माझ्या परदेशातल्या शहरातले, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"दादा, इथे सकाळचे साडेसहा वाजलेत. साडेबारा हजार किलोमीटर आहे ते. साडेपंधरा तास लागतात."

पलीकडे तो पुटपुटत तास मोजू लागला.

"मी पर्समध्ये दोनच गोळ्या दिल्यात," तो म्हणाला. "बाकीच्या मोठ्या बॅगेत आहेत."

आईला कंपवात आहे. दर चार तासांनी गोळी पोटात गेली नाही तर अंग लाकडासारखं होतं आणि आवाज ओठांतच राहतो. शेजारच्याकडे घोटभर पाणीसुद्धा तिला मागता आलं नसतं. मोठी बॅग तिच्या पायांखालीच कुठेतरी, सामानाच्या कप्प्यात.

विमान कंपनीला फोन लावला. एक बाई गोड आवाजात थांबायला सांगत राहिली, तिचा गळा आवळावासा वाटला. शेवटी कुणीतरी निरोप घेतला. पोचवला की नाही, देव जाणे.

कामावर पडद्याची शिवण दोनदा उलटी घातली, मालकीणबाईंची बोलणी खाल्ली. फोनवर विमानाचं चित्र समुद्राला चिकटून बसलं होतं, हलेचना. मला भयंकर भीती वाटत होती आणि ती मी दादावर काढली.

"एवढा घोडा झालास, तिकीट धड वाचता येत नाही?"

"शिव्या दे. पण फोन ठेवू नकोस."

विमानतळावर सगळे प्रवासी बाहेर आले, गर्दी पांगली, तरी आई नाही. मग एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत आला. "आम्हाला वाटलं, झोपल्यात," तो म्हणाला. खुर्चीत आई होती. डोळे तेवढे हलत होते.

मी आणलेली गोळी तिच्या जिभेवर ठेवली, चमच्याने पाणी पाजलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिची मान सैल झाली. उजवी मूठ मात्र घट्टच होती. मी एकेक बोट उघडलं. आत घामाने निम्मी विरघळलेली दुसरी गोळी होती.

"दादा म्हणाला होता, उतरायच्या आधी घे," आई पुटपुटली. "उतरायची वेळच येईना. आली तेव्हा मूठ उघडेना."

"अगं, मधेच घ्यायची ना!"

"तो वेळेचा पक्का आहे. मला वाटलं, विमानालाच उशीर झालाय."

खिशात फोन वाजायला लागला. दादाच होता.

"त्याला सांग," आई म्हणाली, "दोन्ही वेळेवर घेतल्या."

मी तसंच सांगितलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. आईचा हात माझ्या हातात होता आणि बोटं अजून पुरती सरळ होत नव्हती.