कड्यावरचा क्रूस

पाद्रीबाबा पोचायच्या आत पोर गेलं, शेवटचा संस्कार राहिला, हे फिलोमेनच्या काळजाला लागून राहिलं होतं. तिचा अनातोल चुनखडीच्या कड्यावर लाकडं ओढताना घसरला होता. असं कोणी गेलं की त्या जागी क्रूस रोवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक प्रार्थना म्हणायची. तेवढाच शुद्धिस्थानात, स्वर्गाआधी पापं जाळणाऱ्या आगीत, पोळणाऱ्या जिवाला गारवा. अनातोलचाही रोवला होता, पण त्या कड्यावर जातं कोण? शेरडं.

म्हणून पॅरिसचा चित्रकार गोद्री कडा रंगवायला आला, तेव्हा माउलीच्या जिवात जीव आला. हा बाबा डोळ्यांसमोर असेल तेवढंच रंगवतो, मनचं काही घालत नाही, असं सारं गाव सांगत होतं. म्हणजे क्रूसही येणार. पॅरिसची माणसं चित्रापुढे थांबणार, कोणीतरी प्रार्थना पुटपुटणारच. तिनं धडपडत चढून क्रूसाचं शेवाळ खरवडलं, त्याला चुना दिला. मग गुडघ्यांनी तिला घरात बसवलं. गोद्रीसाठी ती रोज सूप पाठवायची. त्याचा वाटाड्या बातिस्त तिची नजर चुकवून किटली उचलायचा.

चित्र पुरं झालं, खानावळीत मांडलं. फिलोमेन रविवारची टोपी घालून गेली. सुरीनं रंग थापून केलेला तो कडा हुबेहूब होता. प्रत्येक भेग, ओल, झुडूप जागच्या जागी. क्रूस तेवढा नव्हता.

"साहेब, माझ्या लेकराचा क्रूस?"

"तो पांढराफटक ठिपका डोळ्यांत खुपत होता, बाई. सगळा कडा मरत होता. बातिस्तकडून उपटून घेतला."

"नुसता रंगवला नसता, तर चाललं नसतं?"

"समोर आहे ते गाळायचं?" गोद्री दुखावला. "ती लबाडी माझ्याच्यानं होत नाही. हे बघा, उपटल्यावरचा खळगासुद्धा जसाच्या तसा आहे."

बातिस्त खाली बघत म्हणाला, उद्या परत रोवतो, मावशी. तिनं चित्रावर बोटानं तो काळा खळगा शोधला, आणि खानावळीच्या फरशीवर, चित्रापुढे, दुखरे गुडघे टेकले. ओठ हलू लागले. जमलेल्या एकेकानं डोक्यावरची टोपी काढली.

गोद्रीला वाटलं, हे आपल्या चित्रासाठी. त्यानं छातीवर हात ठेवून किंचित मान लववली.