शालीची उलट बाजू

पुस्तक चांगलं दोन किलो भरलं असतं. पूर्वेकडच्या देशांतल्या जुन्या विणकामावरचं. गुळगुळीत पानं, पानभर चित्रं, आणि ठेवायला या घरात धड टेबल नाही. मुलीनं ते बापाच्या मांडीवर ठेवलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "हे वाचायचं, की उचलून व्यायाम करायचा?"

मुलगी हसली. आई जाऊन पाच महिने झाले होते, आणि बापाच्या तोंडून विनोद ऐकूनही तेवढेच.

"एकशे बारावं पान काढा, बाबा. आपली शाल छापलीय."

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. पान काढून शालीच्या चित्रावरून बोट फिरवलं, आणि मग पान उलटलं. मागे भलत्याच कुणाचा गालिचा होता. त्यानं पान परत फिरवलं, पुन्हा उलटलं.

"काय शोधताय?"

"मागची बाजू."

मुलीला हसावं की रडावं कळेना. पण जन्मभर मागावर बसलेल्या माणसाचं डोकं असंच चालायचं. त्यांच्या मागावर कापडाची उलट बाजू वर येते आणि सुलट खाली. सुलट बाजू काय ती गिऱ्हाइकानं बघायची. त्यातून नवराबायकोचा हात इतका सारखा, की सुलटीवरून कोण कुणाचं हे देवालाही सांगता आलं नसतं. फरक होता तो मागच्या गाठींत. नक्षीतला रंग बदलला की टोकाला गाठ मारून धागा तोडायचा. तो उजवा, ती डावरी. तिची गाठ डावीकडे वळायची.

"खाली काय लिहिलंय?"

मुलीनं वाचून दाखवलं. लांबी, रुंदी, आणि विणकर म्हणून बापाचं एकट्याचं नाव.

"ही तुझ्या आईची असली तर?" म्हातारा म्हणाला. "मी म्हणजे आयत्या बिळावर नागोबा झालो की गं!"

चार वर्षांपूर्वी पुस्तकवाल्या बाई आल्या तेव्हा या नक्षीच्या दोन शाली तयार होत्या. एक त्याची, एक बायकोची. तिची शेवटचीच, कारण त्यानंतर तिची बोटं वळेनाशी झाली. एक शाल बाईंनी संग्रहालयासाठी नेली, दुसरी व्यापाऱ्यानं. घडी घालताना कुठली कुणाची हे या गृहस्थानं पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, "तुम्ही विणलीत?" तर हा म्हणाला, "आमचीच आहे." त्याच्या 'आमची'त बायको होती. बाईंच्या वहीत तो एकटाच उतरला.

"लाव त्यांना फोन."

मुलीनं फोन लावून आवाज मोठा केला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण संग्रहालयानं शालीला मागून जाड अस्तर शिवलं होतं. कापड नाजूक, आता ते कुणी उसवू देणार नाही, म्हणाल्या. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बायकोच्या हातची असलीच तर एवढी एकच वस्तू कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि तिच्या गाठी आता कुणालाच दिसणार नव्हत्या.

"पण थांबा," बाई म्हणाल्या. "गाठी म्हणजे त्या डावीकडे वळलेल्या का? सगळ्याच्या सगळ्या? मी टिपून ठेवलंय तसं."

"तिचीच!" म्हातारा ताडकन ताठ झाला. "तिचीच आहे ती, बाई. तिचं नाव घाला!"

"घालते ना, पुढच्या आवृत्तीत नक्की घालते. पण काका, मला तेव्हाच शंका आली होती. काकूंनी मला डाव्या हातानं चहा दिला, म्हणून मी विचारलंही, की ही शाल तुमची तर नाही ना? तर त्या हसल्या. म्हणाल्या, छे हो, त्यांचीच आहे. मला कुठे येतं असलं?"

मुलीनं बाईंचे आभार मानले, फोन ठेवला आणि वळून पाहिलं, तर बाप लहान पोरासारखा तोंड वाकडं करून रडत होता. आईच्या वेळीही तो असा रडला नव्हता.

"बाबा, मिळेल आता आईला नाव. झालं ना मनासारखं?"

"मीच शिकवलं होतं गं तिला ते," तो म्हणाला. "नवं लग्न झालं होतं. तेव्हाचा व्यापारी बायकांच्या हातचं कापड घ्यायचा नाही. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांगायचं, मला कुठे येतं असलं. तो व्यापारी मरून वीस वर्षं झाली. त्याचा मुलगा काही विचारत नाही, कुणाच्याही हातचं घेतो. ती आपली तेच सांगत राहिली. अगं, आता पुरे, आता खरं सांगत जा, एवढं मी तिला एकदाही म्हटलं नाही."