काचेवरचा अंगठा

मी चष्मा बोलतोय. वाचायचा चष्मा. लांबचं मला काही दिसत नाही, तेव्हा रस्त्यावरून कोण गेलं आणि समोरच्यांकडे कोण आलं ते मला विचारू नका. हाताच्या अंतरावर जे घडलं तेवढंच सांगेन, पण चोख सांगेन.

दुकानदाराने माझ्या काचा घासल्या, तपकिरी फ्रेममध्ये बसवल्या आणि मला एका उंच, किडकिडीत गृहस्थांच्या नाकावर ठेवलं. ते सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. असं भाग्य किती जणांना मिळतं?

त्यांची एक रीत होती. पानावर मोजपट्टी आडवी धरायची आणि शेवटच्या ओळीपासून वर वर यायचं. ओळखीचा मजकूर वरून खाली वाचला की डोळे पुढे पळतात आणि चूक मागे राहते, असं ते म्हणत. घरी किराणा मालाची चिठ्ठीसुद्धा ते खालून वर वाचायचे. त्यांची पत्नी, म्हणजे आपली आजी, त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करायची.

आजोबा निवृत्त झाले आणि मी दोघांचा झालो. आजीलाही तोवर बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. वेगळा चष्मा करू म्हटलं, तर "आहे की घरात एक" म्हणून तिने विषय मिटवला. मग काय, सकाळी वर्तमानपत्र आलं की माझी ओढाताण सुरू. आधी आजोबा, मग आजी.

आजोबांना एक वाईट खोड होती. मला काढताना ते दांडी धरायचे नाहीत, डाव्या काचेलाच अंगठा लावून उचलायचे. आजी मला हातात घ्यायची आणि तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "किती वेळा सांगितलं, काचेला बोट लावू नका. दांडी कशाला दिलीय?" मग ती मला स्वेटरच्या बाहीला खसाखसा पुसायची. लोकरीने मला ओरखडे पडायचे, पण माझं ऐकतंय कोण. इतक्या वर्षांत त्यांची खोड गेली नाही आणि तिचं बोलणं थांबलं नाही.

एका दुपारी आजोबांना धाप लागली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथेही त्यांनी औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाचला, मला काढलं, अर्थात काचेला धरूनच, आणि उशाशी ठेवलं. मला पुन्हा डोळ्यांवर चढवायला ते उठलेच नाहीत.

परिचारिकेने त्यांचं घड्याळ, कंगवा आणि मला एका पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवी चिकटवली आणि आजीच्या हातात दिली. आजीने ती उघडली नाही. जिथे जाईल तिथे ती पिशवी तिच्या मांडीवर असायची. त्यामुळे पुढचं सगळं मी पिशवीतून पाहिलं.

मुलगा आणि मुलगी कामाला लागली. रडायला सवड नव्हती म्हणा, किंवा रडू येऊ नये म्हणून काम शोधलं म्हणा. मृत्यूच्या नोंदीसाठी डॉक्टरांचा दाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. मुलाने सगळ्याच्या झेरॉक्स काढून आणल्या. मुलीने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोबाइलवर माहिती भरली. शेवटच्या क्षणी जवळ आजी होती, त्यामुळे माहिती देणारी म्हणून सही तिची लागणार होती. "तू फक्त सही कर आई, बाकी आम्ही बघतो," असं दोघंही तिला सारखं सांगत होती. तिला त्रास होऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता.

नोंदणी कार्यालयात गर्दी होती. खिडकीमागची कारकून बाई सर्दीने बेजार होती, पण कामात कुचराई करणारी नव्हती. नोंदीचा मसुदा छापून तिने बाहेर सरकवला आणि नीट वाचून घ्यायला सांगितलं. सही झाल्यावर चूक निघाली तर प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि महिनोन्महिने हेलपाटे, असं तिने आधीच बजावलं. आजोबांची अर्धी पेन्शन आजीला मिळायची होती, घरही तिच्या नावावर व्हायचं होतं, आणि सगळं या एका कागदावर अवलंबून होतं.

मुलाने वाचलं. मग मुलीने वाचलं. दोघांचे डोळे कुठे जात होते ते मला दिसत होतं. वडिलांचं नाव, तारीख, पुन्हा नाव. त्या नावाच्या पुढे त्यांना जाताच येत नव्हतं.

"बरोबर आहे आई. कर सही," मुलगा म्हणाला.

आजीने पेन घेतलं नाही. "मी वाचते."

"आम्ही दोघांनी वाचलंय ना."

"तुम्ही वाचलंत. मी कुठे वाचलंय?"

मागे रांग होती, अगदी पाठीशी उभे असलेले एक गृहस्थ मोठ्याने सुस्कारे टाकत होते. आणि तुला चष्म्याशिवाय दिसणार कसं, असं मुलीने हळूच विचारलं. त्यावर आजीने पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि फाडली. मुलीने तिचा हात धरला, इथे नको म्हणाली, पण तोवर मी बाहेर आलो होतो.

माझ्या डाव्या काचेवर आजोबांचा अंगठा उमटलेला होता. कारकून बाईने कागदी रुमाल पुढे केला. "काकू, पुसून घ्या, डाग आहे काचेला."

आजीचा हात सवयीने बाहीकडे गेला आणि थांबला.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसतंय मला."

तिने मला डोळ्यांवर चढवलं, मान तिरकी केली आणि उजव्या काचेतून वाचायला लागली. मुलाकडून त्याचं ओळखपत्र मागून घेतलं, ते कागदावर आडवं धरलं आणि शेवटच्या ओळीपासून वर निघाली. आयुष्यभर ज्या रीतीची चेष्टा केली, तीच रीत. मला भरून आलं, खरंच सांगतो.

पत्ता बरोबर. माहिती देणारी, पत्नी. बरोबर. आणखी वर गेली आणि ओळखपत्र थबकलं. वैवाहिक स्थितीपुढे 'विधुर' असं लिहिलेलं होतं.

"खाली मी आहे आणि वर मी नाही," आजी म्हणाली. "ह्यांच्या आधी मलाच पोचवलंत की रे."

मुलीने कागद ओढून घेतला. यादीतून निवडताना तिचं बोट एक ओळ खाली पडलं असणार. ती तिथेच खिडकीशी रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. कारकून बाई बिचारी ओशाळली, आपल्याही नजरेतून सुटलं म्हणाली. हे असंच गेलं असतं तर पेन्शनच्या कचेरीत काकूंना आपण जिवंत असल्याचं पटवत बसावं लागलं असतं, असंही म्हणाली.

आजीने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचा जीव बाबांच्या नावात अडकला होता. मला कोण शोधणार त्यात? आणि मी बसलेय ना इथे धडधाकट. पूस डोळे."

दुरुस्त कागद आला. आजीने तो पुन्हा तळापासून वाचला आणि मग सही केली. सुस्कारे टाकणारे गृहस्थ एव्हाना स्वतःचे कागद खालून वर वाचत होते.

पुढे बँक झाली, पेन्शनची कचेरी झाली, घराचे कागद झाले. प्रत्येक कागद आजीने स्वतः वाचला, मान तिरकी करून, उजव्या काचेतून. तिची मान दुखायला लागली. मुलगा मला पुसायला निघाला, तर तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. आधी कामं होऊ देत म्हणाली.

मग पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र आलं. घरात ती एकटी होती. खिडकीशी बसून तिने ते वाचलं. चूक नव्हती. तिने मला काढलं आणि उजेडात धरलं. बराच वेळ ती त्या अंगठ्याकडे बघत होती.

"किती वेळा सांगितलं," ती म्हणाली, "काचेला बोट लावू नका. दांडी कशाला दिलीय?"

तिने बाही बोटांवर ओढून घेतली. मग मला स्वेटरच्या बाहीला पुसलं. खसाखसा नाही, हळू.

आता मी तिच्या एकटीचा आहे. दोन्ही काचांतून सारखं दिसतं, मान सरळ ठेवून ती वर्तमानपत्र वाचते, आणि सकाळची ओढाताण बंद झाली आहे. तुमच्या घरी काचेला बोट लावणारं कोणी असेल तर त्यांच्यावर खुशाल रागवा, रोज रागवा. ती मला दांडी धरूनच काढते. मला अजून त्याची सवय झालेली नाही.