रुमालाआडचा मी

मी एक पासवर्ड. कोणता ते विचारू नका. सांगितलं तर मी संपलोच.

लालबागच्या एका बाळांच्या दवाखान्यात, तिथले कॉम्प्युटर बघणाऱ्या हितेंद्रने मला जन्माला घातलं. बाळाच्या रिपोर्टात काही वावगं निघालं की आईच्या मोबाइलवर मेसेज पाठवणारा एक प्रोग्राम मशीनच्या पोटात गुपचूप चालतो. त्याला दार उघडून देणं, एवढंच माझं काम. माझ्या आधीचा पासवर्ड काउंटरवरची मुलगी, पूर्वी तिचं नाव, चक्क ओरडून सांगायची, "अगं, बाळ एकदोनतीन टाक!" रांगेतल्या सगळ्या बायकांना तो पाठ. म्हणून हितेंद्रने मला कुलूपबंदच केलं.

"म्हणजे कसं रे?" पूर्वीने विचारलं.

"गणपती आणताना तोंडावर रुमाल असतो ना? पाटावर बसल्यावरच काढतो आपण. तसा हा. हे मशीन त्याचा पाट. रुमाल निघणार तो फक्त त्या प्रोग्रामपुढे. तुलासुद्धा दिसायचा नाही."

"बरंय बाबा, डोक्याला ताप नाही."

ताप पुढे झाला. नवं मशीन आलं. पूर्वीने जुन्यातलं सगळं नव्यात ओतलं, मलासुद्धा. हितेंद्रला विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पाटच बदलला, मग रुमाल निघणार कसा? प्रोग्राम माझी वाट बघून गप्प बसला. बाहेर स्क्रीन मात्र झकपक, बिघाडाची एक ओळ नाही! मी आत नुसता चरफडतोय. बोंब मारू म्हटलं, तर तोंड झाकलेलं.

आणि नेमकं तेव्हाच करी रोडच्या दर्शनाचं तान्हं बाळ पिवळं पडलं. रक्त तपासायला दिलं. "काही असलं तर मेसेज येईल, लगेच या," पूर्वी म्हणाली होती. रिपोर्ट वाईट आला. मेसेज गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी दर्शना बाळाला छातीशी धरून धावत आली.

"मेसेज नाय, म्हणजे सगळं बरं असं धरलं ओ मी! पण हा दूधच ओढत नाय."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि बाळाला तिथूनच इस्पितळात निळ्या दिव्याखाली ठेवायला पाठवलं.

पूर्वीने रडवेल्या आवाजात फोन लावला, "हितेंद्र, नव्या मशीनवरून मेसेजच जात नाहीत, तो पासवर्ड ग्रुपवर टाक ना पटकन!"

ग्रुपवर! डोकं आपटावंसं वाटलं मला.

"जुनं मशीन कुठाय?"

"भंगारात दिलं."

"मग तो गेला कामातून. नवा करतो, नव्या पाटावर बसवतो."

तो बसलासुद्धा. मला आता पुसतील. पुसू देत. फक्त आम्हाला झाकलंत, तर पाट हलवण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि मशीन गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आत्ताच पूर्वीचा मोबाइल वाजला. दर्शनाचा मेसेज: "दूध ओढतोय."

यावेळी मेसेज आईनेच पाठवला.