सात नंबरचे हात

"यांचे हात कोणी बांधले?" संशोधनासाठी आलेल्या बाईने विचारलं.

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "काही हरकत?"

स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डात येणाऱ्या असल्या बायकांना त्या पुरत्या ओळखून होत्या. गेल्या वर्षी दोघी आल्या, गोडगोड बोलल्या, चहा प्यायल्या आणि मागाहून वर तक्रार केली. ही तर म्हणे, इतरांनी अभ्यासातून वगळलेले पेशंट शोधत होती. तिला नेमका सात नंबरच बरा सापडला! कुठेतरी पाणी मुरत होतं. वॉर्डातली आया फुटली असणार.

सात नंबरच्या खाटेवर पूर्वी छापखान्यात काम करणारे आजोबा होते. 'ऐकू येत नाही, विसरतात' एवढं सांगून पुतण्या गेला तो गेलाच. आजोबा दिवसभर हातवारे करायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची बाही ओढायचे. सिस्टरांनी कागदावर 'आक्रमक' लिहिलं आणि मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधली. उद्यापासून झोपेचं औषधही वाढणार होतं.

"मी सोडते," बाई म्हणाली.

"कोणाला मारलं तर? लिहून द्या!"

तिने खरंच लिहून दिलं. सिस्टर आणखीच सावध झाल्या. इतक्या सहज सही करणारं माणूस साधं नसतं.

पट्ट्या सुटल्या तसे आजोबांचे हात सुरू झाले. समोर बाईचेही. म्हाताऱ्याची नक्कल करते की काय, म्हणून सिस्टर तावातावाने पुढे झाल्या आणि थबकल्या. आजोबा थांबून बघत होते, मान हलवत होते, मग पुन्हा हात. चक्क गप्पा चालल्या होत्या.

"हे जन्मापासून बहिरे आहेत, सिस्टर. हातांनी बोलतात. माझे आईवडीलही असेच बोलायचे."

सिस्टरांनी सुटलेल्या पट्ट्या उचलून घेतल्या. नर्सिंग शिकताना स्मृतिभ्रंशावर जेमतेम एक तास झाला होता, खुणांच्या भाषेवर चकार शब्द नाही. तीन आठवडे त्यांनी या माणसाचं तोंडच बांधून ठेवलं होतं.

"काय म्हणताहेत?"

"विचारताहेत, माझं काय चुकलं?"

"काही नाही म्हणावं. सांगा ना!"

"तुम्हीच सांगा. बांधलंत तुम्ही."

तिने दाखवलं तसे सिस्टरांनी हात हलवले. चुकले, पुन्हा हलवले. आजोबांनी मान डोलावली. पाच मिनिटांत ते विसरले आणि पुन्हा तेच विचारू लागले. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी ड्यूटी संपली, बाई केव्हाच गेली होती, तरी सिस्टर खाटेपाशी स्टूल ओढून बसून राहिल्या. पुढच्या पाळीतल्या कोणालाच ते उत्तर देता येत नव्हतं.