बोटभर चकाकी

दचकू नका, मित्रांनो. बंदूक असले तरी मी हवेची, आणि त्यातूनही म्हातारी. माझ्यात दारू नाही, धूर नाही. नळी खाली वाकवली की पोटातली स्प्रिंग दबते, मग शिशाचा इवलासा छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. 'फट्' असा आवाज होतो. एवढाच काय तो माझा दरारा.

माझा जन्म विलायतेतला. माझ्या लोखंडावर तिथल्या कारागिरांनी निळसर काळा रंग चढवला; वरून फासलेला नव्हे, लोखंडातच मुरवलेला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा केला. रेल्वेतल्या एका साहेबाबरोबर मी आगबोटीनं नागपट्टणमला उतरले, आणि साहेब मायदेशी परतताना मला तंजावूरजवळच्या पापनाशमला, तिथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या हनुमंतरावांच्या हाती देऊन गेला.

हनुमंतरावांची भातशेती होती. पीक पिवळं पडू लागलं की पोपटांचे थवेच्या थवे उतरत. पण माणूस इतका मऊ काळजाचा की पोपटावर नेम धरवेना. छर्रा न घालताच ते मला उडवीत. मित्रांनो, रिकामी उडवलेली आम्हांला सोसत नाही, पोटात दणका बसतो. पण त्यांच्या दयेपुढे मी कधी कुरकुर केली नाही. शेतातून आले की ते मला ओसरीच्या खांबाशी टेकवून जेवायला बसत. त्यांची लेक राजम तेव्हा रांगत होती. तिला दात फुटत होते आणि हिरड्या शिवशिवत होत्या. चावायला घरात माझ्या दस्त्याइतकं गोड दुसरं काही तिला सापडलं नाही. माझ्या अंगावर बारीक खळगे उठले, ते कायमचे.

पुढे हनुमंतराव गेले, शेत कुळांकडे गेलं आणि माझी रवानगी दारामागे झाली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून माझा अडसर करीत. कधी माझ्यावर बाजाराची पिशवी टांगीत. पण कळस झाला तो शेवग्याच्या शेंगांनी! राजम आता स्वतःच आजी झाली होती. ती मला नळीकडून धरून दस्त्यानं झाडावरच्या शेंगा पाडू लागली. विलायतेत जन्मलेल्या बंदुकीच्या नशिबी सांबारातल्या शेंगा! हसा, खुशाल हसा. मला मात्र तेव्हा रडू येई.

बाहेरचं जगही तेव्हा झपाट्यानं पालटत होतं. टीव्हीवर नवनव्या वाहिन्या आल्या होत्या, गच्च्यांवर थाळीएवढाल्या अँटेना उगवल्या होत्या. तंजावूरच्या दुकानांवर 'जुनं द्या, नवं न्या' अशा पाट्या लागल्या. लोकांनी आजोबांचे रेडिओ देऊन टाकले, पितळी पंखे देऊन टाकले. मलाही कुणीतरी भंगारात घालणार, हे मी धरूनच चालले होते.

अशा वेळी बाळकृष्णराव आले. ते तंजावूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. जुन्या हवेच्या बंदुका जमवायचा त्यांना भारी नाद. पापनाशमला ते बायको भामाबाईंसह कुणाच्या तरी मुंजीला आले होते. शेजारच्या परसात राजम शेंगा पाडताना दिसली आणि त्यांच्या हातातला कॉफीचा पेला हिंदकळला.

"राजमक्का, ते काय करताय तुमी!"

"शेंगा काडतें. ही गन बरी आहे, उंच पोचते," राजम म्हणाली.

बाळकृष्णरावांनी मला अलगद हातात घेतलं. माझे सगळे स्क्रू जुनेच आहेत, त्यांच्या खाचा कुणी पेचकसानं बिघडवलेल्या नाहीत, रंग मूळचाच आहे, हे पाहून ते लहान मुलासारखे हरखले. राजमनं तेवढ्यात भामाबाईंचं बोट धरून माझ्या दस्त्यावरच्या खळग्यांवर ठेवलं.

"हे मजे दात, भामा. आता तोंडांत एक पण उरला नाही. हितं आहेत तेवढेच."

तिनं मला देऊन टाकलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही. "दात तेवढे सांभाळा," एवढंच म्हणाली.

तंजावूरच्या घरात माझे दिवस पालटले. बाळकृष्णराव मला मऊ फडक्यानं पुसत, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सांध्यांत सोडत, पावसाळ्यात भिंतीपासून दूर ठेवत. माझ्या पोटातली चामड्याची चकती सुकून खडखडीत झाली होती, तिला तेल पाजून त्यांनी पुन्हा मऊ केलं. गंजाचे ठिपके तेलानं थांबवले, पण घासून काढले नाहीत. बघायला येणाऱ्यांना ते सांगत, "घासलेला गंज जातो, पण त्याच्यासंगं रंग पण जातो. मग ती हीच बंदूक कशी म्हणायची?" अशा वेळी माझा दस्ता अभिमानानं फुगत असे. लाकूड फुगणं चांगलं नव्हे, ही गोष्ट वेगळी.

मग त्यांची साठी आली. तुम्हांला ठाऊक असेल, आमच्या मुलखात साठी म्हणजे नुसती आरती नव्हे. नवराबायकोचं पुन्हा लग्न लागतं, मुलाबाळांच्या देखत. त्यासाठी घरातलं सगळं नवं करायचा प्रघात. भिंतींना रंग दिला. समया आणि पंचपात्री चिंचेनं घासून लखलखीत केल्या. भामाबाई पदर खोचून घरभर फिरत होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

बिचारीचा हेतू किती चांगला होता! 'यांच्या एवढ्या लाडकीला कुणी नवं केलं नाही. लग्नाच्या दिवशी हिला चकचकीत करून यांच्या हाती दिली, तर काय खूश होतील!' नवरा बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि रिक्षात घातलं. तंजावूरच्या नक्षीच्या थाळ्या घडवणाऱ्या एका आसारीच्या, म्हणजे धातूच्या कारागिराच्या, कारखान्यात आम्ही उतरलो. त्यांच्या चांदीच्या फुलपात्राला त्यानं आदल्याच आठवड्यात पॉलिश केलं होतं, म्हणून मीही त्याच्याकडेच.

विजेवरचं चाक गरगर फिरू लागलं. आसारीनं माझ्या नळीचं टोक त्यावर टेकवलं. मित्रांनो, तुमच्या अंगावरची कातडी सोलली तर कसं वाटेल? बोटभर नळीवरून इतक्या वर्षांचा रंग निघून गेला आणि खालून पांढरं, उघडं लोखंड चमकलं. "कसं झालंय बघा अम्मा, आरशासारखं!" तो कौतुकानं म्हणाला. भामाबाईही हसल्या. मी मनातून टाहो फोडत होते, पण हवेच्या बंदुकीला छर्रा असतो, जीभ नसते.

मग त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि दस्ता हातात धरला. खळग्यांवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "इथं लांबी भरतो अम्मा. घासून वर वार्निश मारलं, की इथं कधी काही होतं, हे कुणाला कळायचं सुद्धा नाही."

भामाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"वेंडाम! नको!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की शेजारच्या माणसाच्या हातून हातोडी पडली. "ते दात आहेत! राजमक्कांचे दात आहेत ते!"

आसारी आ वासून बघत राहिला. त्यांनी मला त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं आणि लेकराला घ्यावं तसं छातीशी धरलं. परतीच्या रिक्षात त्या पदरानं माझं टोक पुसत होत्या, जणू चकाकी पुसून निघणार होती. माझ्यावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. पाण्यानं मी गंजते. पण ते पाणी मला हवंसं वाटलं.

घरी येऊन त्यांनी काही लपवलं नाही. बाळकृष्णराव झोपाळ्यावर बसले होते. भामाबाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "करायला गेलें गणपती आणि झालं माकड. काय ते बोला मज."

ते टोकावरून बोट फिरवू लागले. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं माज्यासंगं राहिलीस भामा, इतकं पण समजलं नाही? जुनं आहे तसंच ठेवायचं असतं गं. त्यांतच त्याचा जीव असतो."

भामाबाई कधी उलट बोलणाऱ्या नव्हेत. पण त्या दिवशी त्या कपाटाकडे गेल्या आणि एक पुडी आणून त्यांच्यासमोर ठेवली. केसांना लावायचा काळा कलप होता तो.

"हे तुमीच आणून दिलात की नाही? 'लग्नांत व्हिडिओ काडणार आहेत, केस काळे कर' म्हणालात. मज वाटलं, तुमास आता अस्कीच, सगळंच नवं हवं. मग बंदूक जुनी कशाला, म्हणून घेऊन गेलें."

झोपाळा थांबला. बाळकृष्णरावांनी बायकोच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, बहुधा पुष्कळ दिवसांनी नीट पाहिलं. मग उठून ती पुडी त्यांनी स्वतः मोरीत रिकामी केली.

"चुकलं मजं," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी पांढऱ्या केसांत मोगऱ्याचा गजरा दिसेना, म्हणून भामाबाईंनी केशरी अबोली माळली. काय सुरेख दिसत होत्या! मंगळसूत्र बांधताना बाळकृष्णरावांनी ती अबोली हलकेच बाजूला केली आणि व्हिडिओवाल्यानं तेही टिपलं. मी कोपऱ्यात उभी राहून सगळं पाहिलं.

नंतर एकदा मद्रासहून प्राणेश नावाचे गृहस्थ आले. तेही बंदुका जमवणारे, आणि मोठे जाणते. माझं पांढरं टोक पाहून ते हळहळले. "माझ्याकडे औषध आहे सर. एवढं टोक काळं करून देतो. कुणी ओळखणार नाही."

बाळकृष्णरावांनी मला जवळ ओढलं. स्वयंपाकघरातून भामाबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"नको प्राणेश," ते म्हणाले. "राहूं दे तसंच. ते भामाचं आहे."

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तूंना मऊ फडक्यानं पुसा, तेलाचा थेंब द्या, ओलीपासून जपा. आम्हांला आणखी काही नको. आणि आमच्या अंगावरचा एखादा ओरखडा तुमच्या डोळ्यांना खुपलाच, तर तो घासायला घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा, की तो कुणाचा आहे.